वाचकांचे प्रश्न : कमरेवरचा पट्टा, तळपायाचा डाग आणि डोक्यावरचे ऊन

राहणीच्या सवयी आणि त्वचेचा कर्करोग या विषयावर गेल्या अंकात आम्ही वाचकांचे प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत सनस्क्रीन कोणते घ्यावे एवढेच विचारले आहे. यात नवल काही नाही, कारण या आजाराविषयी जे वाचायला मिळते ते बहुतेक गोऱ्या कातडीच्या देशांत लिहिलेले असते आणि तिथे तो खरोखरच उन्हाचा आजार आहे. आपल्याकडे सर्व कर्करोगांत त्याचा वाटा शंभरात एकदोन इतकाच भरतो, कारण आपल्या कातडीतले मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरण बऱ्याच अंशी वरच्या वर अडवते. मात्र ज्यांना तो होतो त्यांच्यापैकी अनेकांना तो ऊन पोचतच नाही अशा जागी होतो : कमरेवर, तळपायावर, भाजल्याच्या जुन्या वणात. म्हणून पत्रांचा क्रम मी माझ्या मर्जीने लावला आहे आणि उन्हाची पत्रे मुद्दाम मागे ठेवली आहेत.

पुढच्या उत्तरांत तीन नावे येतील. बेसल सेल कार्सिनोमा बहुधा चेहऱ्यावर होतो, सावकाश वाढतो आणि दूरवर क्वचितच पसरतो. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा न भरणाऱ्या जखमेसारखा किंवा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसतो आणि दुर्लक्ष झाल्यास जवळच्या लसिका गाठींपर्यंत (लिम्फ नोड्सपर्यंत) पोचतो. मेलॅनोमा हा रंगपेशींचा कर्करोग. तिघांत तो सर्वांत कमी आढळतो आणि सर्वांत घातक ठरतो.

प्रश्न : माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या असून रोज साडी नेसतात. परकराची नाडी घट्ट बांधायची त्यांची सवय आहे. उजव्या कुशीवर नाडी बसते तिथे पूर्वीपासून काळा पट्टा आहे, पण गेले वर्षभर त्या पट्ट्यात एक लहान जखम आहे. ती खपली धरते आणि पुन्हा ओली होते. त्या हळद आणि खोबरेल तेल लावतात. ‘एवढ्याशा जखमेला डॉक्टर कशाला’ म्हणतात. दाखवायला हवे का? — एक वाचक भगिनी, यवतमाळ

उत्तर : दाखवायला हवे, आणि येणारा सण आटोपण्याची वाट न पाहता याच आठवड्यात. नाडीच्या जागी कातडी काळवंडणे, खाजणे, तिथे बारीक कोंडा सुटणे हे आपल्याकडच्या असंख्य स्त्रियांना होते आणि त्यांच्यापैकी जवळजवळ कोणालाच कर्करोग होत नाही, ही धीराची गोष्ट आधी सांगतो. परंतु त्या पट्ट्यात जखम झाली आणि ती वर्षभर भरली नाही, ही बाब निराळी आहे.

साडीचा आणि निऱ्यांचा सारा भार, दिवसभराचे वाकणे-उठणे आणि भर उन्हाळ्यातला घाम हे सगळे बोटभरही रुंद नसलेल्या एका दोरीवर येते, आणि ती दोरी चाळीस-पन्नास वर्षे कमरेच्या त्याच रेषेत बसते. तिथली कातडी आधी जाड होते, मग तिचा रंग बदलतो, पुढे ती पातळ होऊन फाटते. जखम भरत आली की दुसऱ्या दिवशी सकाळी नाडी पुन्हा तिच्यावरच आवळली जाते. अशा सतत मोडणाऱ्या आणि सतत सांधल्या जाणाऱ्या जागी पेशींना वर्षानुवर्षे नव्याने विभागत राहावे लागते. विभाजने जितकी अधिक, तितकी त्यांत चूक राहून जाण्याची शक्यता अधिक.

हे निरीक्षण मूळचे आपल्या मुंबईतले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली रूढी-सवयींशी जोडलेल्या कर्करोगांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला, त्यात घट्ट नेसलेल्या धोतराच्या रेषेत होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन आहे. धोतर मागे पडले तसे पुरुषांतले असे रुग्ण विरळ झाले; साडी राहिली आणि तिच्याबरोबर नाडीही राहिली. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी अशाच दोन स्त्रियांची हकीकत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडली. त्यांतली एक सत्तरीची होती आणि तिच्या कुशीवरची जखम दीड वर्ष भरत नव्हती. दुसरी परकराशिवाय लुगडे नेसणारी होती, तेही तब्बल चाळीस वर्षे. तिचा कर्करोग जांघेतल्या लसिका गाठीपर्यंत गेला होता. म्हणजे दोष एकट्या परकराचा नाही, आवळण्याचा आहे.

सासूबाईंना खिडकीपाशी उजेडात बसवून जखमेची कड हलकेच बोटाने चाचपून पाहा. साध्या जखमेची कड मऊ आणि सपाट असते. शंकास्पद जखमेची कड टणक, उचललेली, पापडाच्या कडेसारखी वळलेली लागते आणि जरा धक्का लागला की रक्त येते. त्या बाजूच्या जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, आले आहे का, तेही पाहा. यातले काहीच नसले तरी बायॉप्सी, म्हणजे जखमेचा लहान तुकडा काढून तपासणे, टाळू नये, कारण वर्षभर न भरलेल्या जखमेचा खुलासा नुसत्या डोळ्यांनी होत नाही. वेळेत निदान झाल्यास तेवढा भाग आसपासच्या निरोगी कातडीसह काढून टाकणे हा उपचार बहुतेकदा पुरतो.

घरातल्या इतर स्त्रियांसाठी सांगायचे तर नाडीऐवजी दोन-तीन बोटे रुंद कापडी पट्टा किंवा इलॅस्टिक लावून घ्यावे, बांधण्याची रेषा रोज थोडी वरखाली करावी आणि घरी असताना, विशेषतः रात्री, कमर मोकळी सोडावी. सैल नाडीने साडी सुटेल ही भीती खरी असते आणि ‘सैल बांधा’ म्हणणे माझ्यासारख्या पुरुषाला सोपे जाते, हे मला माझ्या रुग्णांनीच ऐकवले आहे. रुंद पट्ट्याने साडी तितकीच घट्ट राहते आणि दाब मात्र पसरतो.

प्रश्न : मी ५७ वर्षांचा शेतकरी आहे. उजव्या टाचेजवळ दोन वर्षांपूर्वी मुगाच्या दाण्याएवढा काळा डाग होता, तो आता रुपयाएवढा झाला आहे. बाभळीचा काटा मोडला असेल किंवा कुरूप असेल असे समजून मी तो ब्लेडने तासतो. हल्ली कधीकधी रक्त येते. दुखत मात्र मुळीच नाही. — एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ब्लेड आजपासून बंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. काट्याने किंवा ठेचेने कातडीखाली रक्त साकळले तर तो डाग कातडीच्या वाढीबरोबर वर सरकतो आणि काही आठवड्यांत, फार तर दोनचार महिन्यांत नाहीसा होतो. दोन वर्षे टिकणारा आणि वाढत जाणारा काळा डाग साकळलेल्या रक्ताचा नसतो. दुखत नाही म्हणून आपण निश्चिंत आहात असे पत्रावरून वाटले, परंतु या आजाराची खोड हीच आहे की तो सुरुवातीला दुखत नाही.

सावळ्या आणि काळ्या कातडीच्या लोकांना मेलॅनोमा क्वचित होतो. झालाच तर तो तळपाय, तळहात किंवा नखाखाली होण्याचे प्रमाण मोठे असते. इथे उन्हाचा संबंध नाही, त्यामुळे उन्हापासून जपणारा माणूसही यातून सुटत नाही आणि दिवसभर रानात राबणाऱ्याने त्याबद्दल स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या बोटाच्या नखाखाली १९७७ साली मेलॅनोमा सापडला. आधी तो फुटबॉल खेळताना झालेल्या दुखापतीचा परिणाम समजला गेला होता. बोट काढण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही, आणि मे १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी ते वारले. जगभर ज्याचे चाहते होते त्या माणसाच्या बाबतीत जो गैरसमज झाला, तोच आपल्याकडे बांधावर आणि कारखान्यात रोज होत असतो.

या कर्करोगाला उशीर होतो तो बहुधा सवयींमुळेच. तळपाय कोणी पाहत नाही. भेगा, चिखल्या, कुरुपे यांच्या गर्दीत एक डाग खपून जातो. त्यातून ब्लेडने तासणे, चुना-सोडा लावून जाळणे, दोरा बांधून चामखीळ पाडणे हे घरगुती उद्योग आहेतच. ब्लेडने कर्करोग निर्माण होतो असे माझे म्हणणे नाही. पण वरचा भाग तासला गेला की डागाचा आकार आणि रंग ओळखू येत नाही, जळालेल्या भागाची तपासणी करता येत नाही, आणि मधले महिने हातचे जातात. मेलॅनोमात सारे काही जाडीवर अवलंबून असते. तो एक मिलिमीटरपेक्षा पातळ असताना पूर्ण काढला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. पुढे प्रत्येक मिलिमीटरला चित्र झपाट्याने बिघडते. कातडीवरचा कोणताही काळा डाग किंवा गाठ कोणीही काढली, तरी काढलेला तुकडा पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत पाठवलाच पाहिजे असा आग्रह रुग्णाने धरावा.

पायाची तपासणी आंघोळीनंतर करावी. पाय घासून कोरडे केल्यावर दिवसाच्या उजेडात, पाठीमागे आरसा धरून तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या आणि नखे पाहावीत. वय झालेल्यांचे पाय मुलासुनांनी पाहावेत. नखांत उभ्या तपकिरी रेघा आपल्या लोकांत पुष्कळांना असतात आणि अनेक नखांत असल्या तर बहुधा निरुपद्रवी असतात. एकाच नखात नव्याने उमटलेली, रुंद होत जाणारी आणि नखाबाहेर कातडीवर रंग सांडणारी रेघ मात्र दाखवावी.

प्रश्न : तीस वर्षांपूर्वी स्टोव्हच्या भडक्यात माझ्या आईचा पाय भाजला होता. गुडघ्यामागचा वण आखडलेला आहे. सहा महिन्यांपासून तो एका जागी फाटून पाणी येते. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितले, पण आई म्हणते की सुई लावली की कर्करोग पसरतो. — एक वाचक, मालेगाव

उत्तर : तुकडा काढल्याने त्वचेचा कर्करोग पसरत नाही. हा समज ज्या कारणाने पडला असावा ते समजण्यासारखे आहे : लोक तपासणीला इतक्या उशिरा येतात की तोवर रोग पुढे गेलेला असतो, आणि नंतरच्या घडामोडींचा दोष सुईवर येतो. प्रत्यक्षात जागा बधिर करून पेन्सिलीपेक्षाही बारीक नळीने तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतात, एखादा टाका घालतात आणि रुग्ण चालत घरी जातो.

भाजल्याच्या जुन्या वणात होणाऱ्या कर्करोगाला फ्रेंच शल्यविशारद मार्जोलिन यांचे नाव आहे. अशा व्रणांचे वर्णन त्यांनी १८२८ साली केले होते. भाजल्यानंतर तो उद्भवायला बहुधा वीस-तीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो, त्यामुळे आईंचा काळ नेमका बसतो आहे. ज्या जखमा भाजल्यावर नीट भरल्या नाहीत, ज्यांवर त्वचारोपण झाले नाही आणि ज्या सांध्याजवळ असल्याने दर पावलाला ताणल्या जातात, त्यांत धोका अधिक असतो. शिवाय वणात निघणारा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा उन्हाने होणाऱ्यापेक्षा अधिक आक्रमक असतो. फाटणारा प्रत्येक वण कर्करोगाचा नसतो, आणि आईंचाही नसेल. ते ठरवण्यासाठीच बायॉप्सी आहे. दरम्यान हळद, कोरफड, राख यांतले काहीही लावू नये. नुसत्या स्वच्छ पाण्याने धुऊन, व्हॅसलीन लावलेली पट्टी बांधावी.

प्रश्न : वडील पाठदुखीसाठी रोज रात्री तासभर गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपतात. पाठीवर जाळीसारखे तपकिरी डाग उठले आहेत. हे कर्करोगाचे लक्षण आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. न भाजणारी पण रोजची उष्णता एकाच जागी मिळत राहिली की कातडीवर अशी जाळी उमटते. मांडीवर लॅपटॉप ठेवून काम करणाऱ्यांनाही ती होते. शेक थांबवला की नवे डाग महिन्यांनी फिकट होतात. मात्र हीच सवय वर्षानुवर्षे चालली तर काय घडते याचा दाखला काश्मीरमध्ये आहे. तिथे हिवाळ्यात निखाऱ्यांचे मातीचे भांडे वेताच्या टोपलीत बसवून फेरन या सैल झग्याच्या आत, पोटाशी आणि मांड्यांमध्ये धरतात. या कांगडीमुळे पोटाच्या खालच्या भागावर आणि मांड्यांवर होणारा कर्करोग डॉ. एल्म्स्ली या मिशनरी डॉक्टरांनी १८६६ साली नोंदवला होता.

वडिलांना शेक सोडायला सांगू नका. पिशवीभोवती जाड टॉवेल गुंडाळा, पंधरा-वीस मिनिटांवर थांबा, जागा बदला आणि पिशवी घेऊन झोपू देऊ नका. आपल्याकडे बाळंतिणीला ओवा-बाळंतशेपांची शेक-शेगडी देतात, तिच्याविषयीही एका पत्रात विचारले आहे. ती काही आठवड्यांचीच असल्याने कर्करोगाच्या दृष्टीने तिची चिंता नको, भाजण्याची आणि धुराची मात्र घ्यावी.

प्रश्न : माझा मुलगा ब्रिस्बेनला असतो. सहा वर्षांच्या नातीला टोपी नसेल तर शाळेत मैदानावर खेळू देत नाहीत, आणि सूनबाई तिला रोज क्रीम चोपडतात. आम्ही जन्मभर उन्हात वावरलो, आम्हाला काही झाले नाही. हे अती नाही का? मी तीन महिन्यांसाठी तिकडे जाणार आहे, मी काय करू? — एक आजी, पुणे

उत्तर : आजी, नियम अती नाही, तो तुमच्या नातीला समोर ठेवून केलेला नाही, इतकेच. ऑस्ट्रेलियातली बहुसंख्य प्रजा ब्रिटन-आयर्लंडच्या ढगाळ आकाशाखाली घडलेली कातडी घेऊन त्या प्रखर उन्हात राहायला गेली, आणि तो देश त्वचेच्या कर्करोगात जगात अग्रभागी राहिला. १९८१ साली तिथे सदरा चढवा, क्रीम चोपडा, टोपी घाला असे सांगणारी मोहीम सुरू झाली. शाळांतला टोपीचा नियम हे त्याच शिकवणीचे फळ आहे. पुढे ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे त्या क्वीन्सलँडमधल्याच नॅम्बोर या गावी १६२१ लोकांवर १९९२ ते १९९६ या काळात प्रयोग झाला. काहींना रोज सनस्क्रीन लावायला दिले, इतरांना आपल्या मर्जीने वागू दिले. रोज लावणाऱ्यांत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले, आणि पुढच्या दहा वर्षांच्या पाहणीत मेलॅनोमाही निम्म्यावर आले. बेसल सेल कार्सिनोमात तसा फरक दिसला नाही. सनस्क्रीनच्या बाजूने यापेक्षा भक्कम पुरावा क्वचितच सापडेल, पण तो गोऱ्या कातडीवरचा आहे हे विसरता कामा नये.

ऊन म्हणाल तर एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पुण्याचे ऊन ब्रिस्बेनपेक्षा सौम्य नसते. फरक कातडीत आहे, आणि थोडा रीतीतही आहे. आपला शेतकरी डोक्याला पटका बांधतो, बाई पदर घेते, भाकरी झाडाखाली खातात आणि दुपारचे दोन तास कोणी हौसेने उन्हात पडून राहत नाही. तिकडे एकेकाळी कातडी भाजून तपकिरी करण्याला सौंदर्य मानत. त्यासाठी कृत्रिम अतिनील किरणांच्या पेट्याही निघाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली त्यांना कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे पक्का पुरावा असलेल्या, गटात घातले आणि त्याच वर्षी ब्राझीलने त्यांवर बंदी आणली. आपल्याकडची हौस नेमकी उलटी, गोरे होण्याची, तिचे दुष्परिणाम वेगळे आणि त्यासाठी एक स्वतंत्र अंक लागेल.

नातीने टोपी घालावी, क्रीमही लावावे. कातडी सावळी असली तरी ती भाजते आणि ऊन डोळ्यांनाही लागते. तुम्ही स्वतः रुंद काठाची टोपी किंवा छत्री वापरा आणि आपली सावली आपल्याहून आखूड दिसेल त्या वेळात सावलीत राहा. समुद्रकिनारी छत्रीखाली बसले तरी कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण वर परतवते, तेव्हा तिथे सैल पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज बरा. क्रीमवरच्या ‘एसपीएफ’ आकड्याचा बाऊ करू नका : ३० आकड्याचे क्रीम भाजवणारे किरण सुमारे ९७ टक्के अडवते आणि ५० आकड्याचे ९८ टक्के. खरा फरक पडतो तो लावण्यात, कारण बहुतेक जण हवे त्याच्या निम्मेही लावत नाहीत. चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके क्रीम लागते आणि घाम आल्यावर ते पुन्हा लावावे लागते. सकाळच्या फिरण्यासाठी मात्र तुम्हाला काहीही लावण्याची गरज नाही. सावळ्या कातडीला ‘ड’ जीवनसत्त्वासाठी ऊन जरा अधिकच लागते.

प्रश्न : रक्तदाबाच्या गोळीने त्वचेचा कर्करोग होतो असे वाचून मी ती आठवडाभर बंद ठेवली आहे. योग्य केले ना? — एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही; हे उत्तर वाचून होताच गोळी देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. आपण वाचले ते हायड्रोक्लोरोथायझाइड या औषधाविषयी असावे. ते उन्हाला कातडीची संवेदनशीलता वाढवते, आणि डेन्मार्कमधील अभ्यासांत दीर्घकाळ ते घेणाऱ्यांमध्ये स्क्वॅमस सेल कार्सिनोमा अधिक आढळला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली त्याचा हिशेब दिला आहे : हे औषध घेणाऱ्या १६,००० लोकांमागे वर्षाला एक जादा रुग्ण. हा धोकाही प्रामुख्याने गोऱ्या लोकांतला आहे. अनियंत्रित रक्तदाबाने होणारा पक्षाघात याच्या कित्येक पट जवळ उभा असतो.

मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्यांची गोष्ट वेगळी. ते मूत्रपिंड टिकवण्यासाठी त्यांना प्रतिकारशक्ती दबवणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात, त्यामुळे त्यांच्यात त्वचेचा कर्करोग कितीतरी अधिक होतो. त्यांनी उन्हापासून जपावे आणि वर्षातून एकदा पूर्ण अंगाची तपासणी करून घ्यावी. गोळ्या मात्र त्यांनीही थांबवायच्या नाहीत.

प्रश्न : आमच्या आठ वर्षांच्या मुलाला जन्मतःच अल्बिनिझम आहे. केस आणि पापण्या पांढऱ्या आहेत. गावात ‘कोड आहे’ म्हणतात. शाळा सकाळी अकरा ते पाच असते. काय काळजी घ्यावी? — एक माता, सोलापूर जिल्हा

उत्तर : आलेल्या सर्व पत्रांत उन्हाची सर्वाधिक निकड तुमच्या पत्रात आहे. कोडामध्ये जागोजागी रंगपेशी नष्ट होतात, आणि कोड असलेल्यांत मेलॅनोमा इतरांपेक्षा अधिक आढळत नाही. अल्बिनिझममध्ये रंगपेशी असतात, पण त्यांना मेलॅनिन तयार करता येत नाही, त्यामुळे साऱ्या अंगावरचे छत्रच जन्मापासून नसते. उष्ण प्रदेशांत ज्या मुलांना जपले गेले नाही त्यांना विशी-तिशीतच त्वचेचा कर्करोग झालेला दिसतो. जपले तर तो बऱ्याच अंशी टळतो, आणि जपण्यातला मोठा भाग कापडाचा आहे, महागड्या क्रीमचा नाही.

मुलाचा सदरा उजेडात दिव्यासमोर धरून पाहा. पलीकडची बोटे दिसत असतील तर ऊनही तितकेच आत येते, आणि पातळ पांढरा सुती सदरा भिजला की अधिकच येते. घट्ट विणीचा, गडद रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण लांबीची पॅन्ट आणि कान-मान झाकणारी चारही बाजूंनी काठाची टोपी शिवून घ्या. गांधी टोपी किंवा क्रिकेटची टोपी कान उघडे ठेवते, आणि या मुलांत कानाच्या पाळ्या, नाक आणि खालचा ओठ या जागा आधी बिघडतात. गणवेशातून सूट मिळावी म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी मुख्याध्यापकांना द्या. खेळाचा तास शक्य तर शेवटचा असावा, प्रार्थनेची रांग सावलीत असावी. उघड्या भागांना ५० आकड्याचे क्रीम घरून निघण्यापूर्वी आणि मधल्या सुट्टीत लावावे. याच आजारात दृष्टीही अधू असते, तेव्हा त्याला खिडकीपासून दूर पण फळ्याजवळच्या बाकावर बसवायला सांगा आणि नेत्रतज्ज्ञांना दाखवा. ओठावरची न भरणारी भेग किंवा चेहऱ्यावरचा खरखरीत, खपली धरणारा ठिपका महिनाभर टिकला तर थांबू नका.

प्रश्न : तंबाखूने त्वचेचाही कर्करोग होतो का? आणि रक्त शुद्ध होण्यासाठी मी तीन वर्षांपासून एका वैदूकडून हरताळाची पुडी घेतो, तिचा त्वचेला फायदा होतो ना? — एक वाचक, लातूर

उत्तर : विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत स्क्वॅमस सेल कार्सिनोमाचा धोका सुमारे दीडपट आढळला आहे, इतर दोन प्रकारांशी तसा स्पष्ट संबंध दिसत नाही. तंबाखू सोडायला तोंडाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग ही कारणे पुरेशी आहेत, कातडीचे कारण शोधत बसायला नको.

मला चिंता आहे ती पुडीची. पूर्वी पोथीत चुकलेल्या अक्षरावर ज्याचा पिवळा लेप देत आणि ज्यावरून ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आला, ते हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग. मनशीळ आणि सोमल हीसुद्धा आर्सेनिकचीच रूपे. पोटात जाणारे आर्सेनिक हे त्वचेच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे, आणि पश्चिम बंगालमध्ये विहिरी-कूपनलिकांच्या पाण्यातून ते मिळालेल्या लोकांत हे मोठ्या प्रमाणावर दिसले. आपले तळहात आणि तळपाय चांगल्या उजेडात पाहा. कातडीत रव्यासारखे टणक दाणे, बारीक कुरुपांसारखे, हाताला लागत असतील किंवा छाती-पाठीवर पावसाच्या थेंबांसारखे फिके-काळे ठिपके आले असतील तर ती आर्सेनिकची खूण असू शकते. दाणे नसले तरी पुडी आजच थांबवा, कारण कर्करोग पुढे कित्येक वर्षांनीही होऊ शकतो. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना उरलेली पुडी फेकून न देता सोबत न्या. ती प्रयोगशाळेत तपासता येते.